नाव काय ठेवायचं, भांड्याच्या दुकानाचं?

बाळूने भांडी बाजारातल्या एका दुकानात 22 वर्षं काढली. आता पाथर्डी फाट्याजवळ त्याचा स्वतःचा गाळा झालाय. माल भरला, रॅक लागले, पेंटर शुक्रवारी येणार. नावाचाच पत्ता नाही. म्हणून परवा संध्याकाळी तो चक्क वही घेऊन आमच्या कट्ट्यावर आला. कट्टा म्हणजे गंगापूर रोडला, डोंगरे वसतिगृहाच्या मैदानाजवळ, टपरीशेजारचा कठडा. चहा त्याच्याकडून होता, त्यामुळे मतांना तोटा पडला नाही.

वहीत पहिलं नाव वहिनींचं, 'अन्नपूर्णा'. पम्याने वाचता वाचताच फुली मारली. "आमच्या एका कॉलनीत अन्नपूर्णा खानावळ, अन्नपूर्णा पिठाची गिरणी आणि अन्नपूर्णा अपार्टमेंट आहे. तू चौथा का रे भो?"

दुसरं लेकीचं, 'द किचन स्टोरी'. तेही नुसत्या इंग्रजी अक्षरांत, निऑनमध्ये. इथे वकील जागा झाला. "पाटी मराठीत, देवनागरीत हवी. आधी दहापेक्षा कमी माणसं असलेली दुकानं सुटायची, 2022 च्या दुरुस्तीनंतर तीही आली. इंग्रजी लाव की खुशाल, पण मराठी अक्षरं आधी आणि त्याच्यापेक्षा लहान नकोत."

"म्हणजे 'द किचन स्टोरी' देवनागरीत?" बाळू म्हणाला. त्याने वहीत लिहून पाहिलं, सगळ्यांना दाखवलं आणि स्वतःच खोडलं.

मास्तरांचं नाव मला आवडलं होतं, 'ताटाळं'. जुन्या वाड्यातल्या स्वयंपाकघरात ताटं उभी करून ठेवायचं ते. पण टपरीवरच्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "टाळं-किल्लीचं दुकान आहे का?" मास्तर दोन मिनिटं गप्प बसले. मग पम्याने 'फोडणी' काढलं. ते मीच हाणून पाडलं. नाशकात 'फोडणी', 'तर्री', 'ठसका' असलं काही पाटीवर दिसलं की माणूस गाडी लावून आत शिरतो आणि दोन प्लेट मिसळ, पाव जास्तीचे, असं सांगतो. त्याच्यापुढे कुकर ठेवणार का?

पम्या हार मानणारा नाही. "मग 'कुंभ'! कुंभ म्हणजे घडा, म्हणजे भांडंच. वर सिंहस्थ तोंडावर आलाय."

"तो 12 वर्षांनी येतो," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाईक पण तसंच येईल."

आता माझं. मी म्हटलं, 'भांड्याला भांडं'. एकदा ऐकलं की विसरायचं नाव नाही. पुढचं वाक्य लोक स्वतःच पूर्ण करतात, 'लागलं की आवाज होणारच'. जाहिरात फुकट. पम्याने टाळी दिली. बाळू मात्र मान हलवत राहिला.

"तुम्ही काउंटरला उभे राहिला नाहीत कधी," तो म्हणाला. "धंदा लग्नसराईचा. मुलीची आई रुखवताची भांडी घ्यायला येते. बरोबर मावशी, काकू, आजी. आजीने पाटी वाचली की संपलं. पोरीच्या संसाराला पहिली भांडी घ्यायची ती भांडणाच्या नावाच्या दुकानातून?"

मी म्हटलं, तो विनोद आहे, आजीलाही कळतो. बाळू म्हणाला, "कळतो. हसते आणि शेजारच्या दुकानात जाते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाव चांगलंच होतं, हे माझं मत अजून बदललेलं नाही.

मध्येच वकिलाने ट्रेडमार्कचा तास घेतला. 'स्टील', 'भांडी', 'किचन' हे शब्द मालाचं नुसतं वर्णन करतात, त्यांच्यावर एकट्याचा हक्क मिळणं अवघड. नोंद 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण. पातेली-कढया वर्ग 21 मध्ये, सुऱ्या वर्ग 8 मध्ये. "पण दोन्ही एकाच ओट्यावर असतात की," पम्या म्हणाला. "ओट्यावर असतील, रजिस्टरमध्ये नाहीत," वकील म्हणाला. एक गोष्ट मात्र त्याने कामाची सांगितली : पेंटरला पैसे द्यायच्या आधी ट्रेडमार्कच्या साइटवर नाव शोधून बघ, शोधायला काही पडत नाही.

अंधार पडायला लागला तसा बाळू भलतंच बोलायला लागला. लहानपणी घरी भिंतीला स्टीलची मांडणी होती, दिवाळीच्या आधी आई सगळी भांडी खाली उतरवायची, पितळेची चिंच लावून घासायची आणि पोरांना पुसायला बसवायची. वर परत लावताना वाट्यांची रांग चुकली की पाठीत धपाटा.

"थांब," मास्तर म्हणाले. "मांडणी."

सगळे एकदम गप्प. तीन अक्षरं, फोनवर एकदा सांगितलं की कळेल, आजीला चालेल, पोरीला दुकानाची सजावट वाटेल. पम्याने लगेच कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला हाक मारली. "काका, 'मांडणी' नावाचं दुकान असलं तर तिथे काय मिळेल?"

"मांडणी मिळेल," काका म्हणाले. "आमची एका बाजूने सुटलीये. केवढ्याला?"

बाळूचा चेहरा पडला. मांडणी त्याने मागवलीच नव्हती. फाट्यावरच्या नव्या फ्लॅटांत सगळीकडे ट्रॉल्या, घेणार कोण? वकील म्हणाला, ठेवशील तर मांडणीपुरतं ते नाव वर्णनच ठरेल, तेवढं ध्यानात ठेव. मास्तर म्हणाले, निदान दोन ठेव, दारात एक लाव, तिच्यावरच माल मांड. मला ते पटलं. पम्याला नाही, तो अजून कुंभावरच होता.

शेवटी बाळूने वहिनींना फोन लावला, स्पीकरवर. 'मांडणी' ऐकून त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "चालेल. पण भांड्यांवर नाव घालायचं मशीन आणलं का? उद्या पहिलं गिऱ्हाईक आलं आणि 'आत्याकडून सप्रेम भेट' घाला म्हणालं, तर काय करणार आहात?"

बाळूने वही मिटली आणि चहाचे पैसे द्यायला उठला. मशीनचं तो विसरलाच होता.