लेक-टच म्हणे!

दर शनिवारी सकाळी फोन, "सर, पवना लेक-टच गेटेड प्लॉट, लास्ट दोनच उरलेत." अरे दोन वर्षं झाली, ते दोन काही संपेनात! आणि लेक कसला डोंबलाचा, धरण आहे ते, पिंपरी-चिंचवड त्याचं पाणी पितं. मे महिन्यात जाऊन बघा, लेकच्या काठाला भेगाळलेला गाळ नि त्यात रुतलेली कुणाची तरी चप्पल. मावशीकडे जायचा जुना रस्ता आता यांच्या कमानीतून जातो, परवा वॉचमन म्हणतो, "कुणाकडे? एन्ट्री करा." काय लिहू, तिकोना किल्ला बघायला आलोय? ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यातले कितीतरी अजून पुनर्वसनासाठी खेटे घालतायत, आणि ब्रोशरमधे मात्र 'अनटच्ड नेचर'. थांबा, परत वाजला फोन...