झाडून सगळ्या फंक्शनांच्या डोक्यावर ‘ग्लोबल’ कशाला?

‘पायथनचे सगळे एरर 4 ओळींत घालवा’ हा पायथन या प्रोग्रामिंग भाषेबद्दलचा मेसेज इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपांवर धो धो फिरतोय. फिरेना बापडा. पण काल भाचीने असाइनमेंट दाखवली आणि त्यात झाडून सगळ्या फंक्शनांच्या (प्रोग्राममधल्या नाव दिलेल्या तुकड्यांच्या) पहिल्या ओळीत ‘ग्लोबल’, म्हणजे ‘हे नाव बाहेरचंच समज’ असं पायथनला सांगणारा शब्द. आता गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो: ‘अनबाउंड-लोकल-एरर आला की ग्लोबल लिहा, कारण फंक्शनला बाहेरचा व्हेरिएबल दिसत नाही.’ (व्हेरिएबल म्हणजे किंमत साठवणारं नाव; हा एरर येतो ते फंक्शनमधलं नाव किंमत मिळण्याआधीच वापरलं की.) साफ खोटं. वाचायला तो व्यवस्थित दिसतो. बाहेरच्या लिस्टमध्ये आतून अपेंडही (शेवटी भर) करता येतं, ग्लोबलशिवाय. गाडी अडते ती = (किंमत द्या) किंवा += (आहे त्यात मिळवा) लिहिलं की. फंक्शन कंपाइल होतानाच पायथन बघतो, या नावाला आत कुठे किंमत दिली आहे का? दिली असेल तर ते नाव अख्ख्या फंक्शनभर लोकल, म्हणजे त्या फंक्शनपुरतंच, अगदी पहिल्या ओळीपासून. म्हणून += शेवटच्या ओळीत असलं तरी एरर येतो वरच्या प्रिंटवर, आणि मुलं त्या बिचाऱ्या प्रिंटलाच धुत बसतात.

भाचीचा प्रोग्राम गुणांच्या बेरजेचा, फंक्शन दर मुलामागे एकदा चालतं. ‘एकूण = 0’ फंक्शनच्या बाहेर, आत लूपमध्ये ‘एकूण += गुण’. एरर आला, ग्लोबल लिहिलं, एरर गेला. आणि बेरीज? पहिल्या मुलाचे 300 पैकी 120, बरोबर. दुसऱ्याचे खरे 95, उत्तर आलं 215, कारण एकूण परत शून्यावर आलंच नाही. तिसऱ्याला 300 पैकी 325 पडले तेव्हा कुठे शंका आली. तोवर नापास मुलगा फर्स्ट क्लासात! एरर ओरडून सांगत होता, त्याचंच तोंड दाबलं. उपाय काय, तर ‘एकूण = 0’ फंक्शनच्या आत आणि शेवटी रिटर्न, म्हणजे उत्तर बाहेर द्यायचं. संपलं.

एक नाइलाजाने मान्य करतो. पायथनच्या अधिकृत प्रोग्रामिंग एफएक्यूमध्ये (नेहमीच्या प्रश्नोत्तरांच्या पानावर) याच एररवर वेगळा प्रश्न आहे आणि तिथेही ग्लोबल दाखवलंय. मेसेजकर्त्याने बहुधा तिथवरच वाचलं. लगेच पुढे लिहिलंय की हे स्पष्ट लिहायला लावतात ते आपण बाहेरची किंमत बदलतोय याची आठवण राहावी म्हणून. फंक्शनच्या आत फंक्शन असेल, तर बाहेरच्या फंक्शनमधलं नाव बदलायला ‘नॉनलोकल’ हा शब्दही तिथेच दिलाय. बाहेरची किंमत खरंच बदलायची असेल तर लिहा की ग्लोबल. भाचीला कुठे बदलायची होती?

मेसेजचा दुसरा मुद्दा, ‘इफ-फॉरच्या (अटीच्या आणि लूपच्या) आत बनवलेला व्हेरिएबल बाहेर मरतो’. हे सी आणि जावा या भाषांचं. पायथनमध्ये लूप संपल्यावरही तो जिवंत असतो. लूप ज्या लिस्टवर फिरतो ती रिकामी निघाली तर मात्र तो जन्मलेलाच नसतो. मग एरर येतो आणि लोकांना मेसेज खरा वाटतो.

तिसरा, ‘सगळं ट्राय-एक्सेप्ट-पासमध्ये गुंडाळा’, म्हणजे एरर आला तरी गुपचूप पुढे चला. कुठला एरर ते न सांगता नुसतं एक्सेप्ट लिहिलं की प्रोग्राम थांबवायचं कंट्रोल-सीसुद्धा गिळलं जातं. अनंत लूपच्या आत हे करून बघा, प्रोग्राम थांबवायला टर्मिनल बंद करावं लागेल.

चौथा, ‘लाल मजकूर वाचू नका’. कमाल आहे! तो लाल मजकूर म्हणजे ट्रेसबॅक, एरर कुठे आला त्याचा माग. तो खालून वर वाचायचा: शेवटच्या ओळीत एररचं नाव, त्याच्या वर फाइल आणि ओळ क्रमांक. पायथनच्या 3.11 आवृत्तीपासून तर ओळीतला नेमका कुठला तुकडा अडला, त्याच्याखाली खुणासुद्धा येतात.