‘एसी थंड करत नाही, बिल दुप्पट’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

दीड टनाचा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर घेऊनही दुपारी तीनला बेडरूम २८च्या खाली उतरत नाही, मे महिन्याचं बिल दुप्पट, आणि ‘दुकानदाराने डिफेक्टिव्ह पीस माथी मारला’, असं तुम्ही लिहिलंय.

शनिवारी मी स्वतः येऊन गेलो. तुम्ही ड्यूटीवर होतात, घरी सासरेबुवा होते. गॅस बरोबर, जाळीतून १४ अंशांची हवा. मशीन ठीक आहे. मग देवघरातली उदबत्ती मागून घेतली आणि खोलीभर फिरवली. खिडकीतला कुलर काढून तिथे प्लाय ठोकलाय ना, त्याच्या चारही कडांनी धूर आत वळत होता. स्लायडिंगच्या खाचेतून तेच. दाराखाली तर बोटं जातील एवढी फट. आपली नागपूरची घरं कुलरच्या सवयीची. कुलरला हवा बाहेर जायला वाट लागते. एसीचं नेमकं उलट. ४५ अंशांची हवा आत येत राहिली तर कॉम्प्रेसर दम कधी खाणार? सेट केलेलं तापमान आलं की इन्व्हर्टर हळू पडतो. तुम्ही लावलं होतं १८! त्यात घर वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत धग सोडतो.

आता आमची चूक. पाइपसाठी पाडलेलं अडीच इंची भोक आमच्या पोराने बुजवलंच नव्हतं, नुसती चिंधी कोंबली होती. सगळ्यात जोरात धूर तिथेच हलला. ते मी समोर उभं राहून बुजवून घेतलं. फिटिंगचे पैसे परत करतोय. आणि विकताना ‘कितव्या मजल्यावर राहता’ एवढं तरी मी विचारायला हवं होतं.

मशीन मात्र बदलून देणार नाही. दोन टनाचं लावलं तर माझा गल्ला भरेल, फटी तशाच राहतील. प्लायच्या जागी काच बसवा, स्लायडिंगला ब्रशची पट्टी, दाराखाली रबराची. हार्डवेअरवाल्याकडे मिळतात, मी विकत नाही. सोसायटीला विचारून गच्चीवर पांढरा हीट रिफ्लेक्टिव्ह रंग, निदान चुना तरी मारा. रिमोट २४वर ठेवा. स्लॅब बिलातही असतो: ३०० युनिट ओलांडले की पुढचं प्रत्येक युनिट महागड्या दराने, म्हणून आकडा एवढा उडाला.

पट्ट्या आणून ठेवा, बुधवारी सकाळी पोरगा येऊन लावून देईल. मजुरी नको. उदबत्ती तेवढी काढून ठेवा.