समुद्र वाचवायचाय? टॉवेल खुंटीला लावा

मालक, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना पोरावर सोपवून तुम्ही कोकणात बीच रिसॉर्ट काढताय, हे झकास झालं. सोलापूरला समुद्र नाही आणि नळालाही चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळे पाण्याचं मोल तुम्हाला शिकवायला नको. फक्त ते शहाणपण तिकडे नेऊ नका. तिथे पर्यावरणपूरक दिसायचंय, आणि दिसायला फार खर्च येत नाही.

सुरुवात टॉवेलपासून. माल घरचाच आहे. प्रत्येक बाथरूममध्ये हिरवी पाटी लावा : 'टॉवेल पुन्हा वापरा, सागर वाचवा.' पाहुण्याने टॉवेल खुंटीला अडकवला की धुलाईचं पाणी, साबण, वीज तुमची वाचते आणि पुण्य त्याला लागतं. भाडं मात्र रुपयानेही कमी करू नका. पुण्यावर सवलत देत नसतात.

ही युक्ती जुनीच आहे. जे वेस्टरव्हेल्ड नावाच्या अमेरिकन पर्यावरणवाद्याने १९८३ मध्ये फिजीतल्या एका बीच रिसॉर्टवर असंच कार्ड पाहिलं. प्रवाळ वाचवायचं म्हणून टॉवेल पुन्हा वापरा, असं पाहुण्यांना सांगत होते, आणि तिकडे नवे बंगले बांधणं चालूच होतं. १९८६ मध्ये त्याने त्यावर लेख लिहिला. घाबरू नका, लेख वाचून कुणी बुकिंग रद्द करत नाही.

बांधकामाचं म्हणाल, तर २०१९ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या किनारी गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा असतो. म्हणून बांबू! खाली काँक्रीटचं जोतं, वर बांबूच्या चटया, की झाली कॉटेज 'तात्पुरती'. तात्पुरतं किती वर्षं टिकतं, ते आपल्या एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडना विचारा.

बोधचिन्ह कासवाचंच घ्या. ऑलिव्ह रिडले कासवं कोकणच्या वाळूत अंडी घालतात. पिल्लं बहुधा रात्री बाहेर पडतात आणि उजेड दिसेल तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. तुमच्या लॉनवर कुणाच्या तरी लग्नातल्या संगीताचे फोकस लागले, की पिल्लं थेट लॉनवर. त्याला 'वन्यजीव अनुभव' म्हणा आणि वेगळं तिकीट लावा. स्ट्रॉ कागदाची द्या. ती बुडवायची कशात, तर प्लास्टिकच्या बाटलीत. त्यावर कुणी बोलत नाही.

आता स्विमिंग पूल. समोर अख्खा अरबी समुद्र असला तरी पूल लागतोच, कारण समुद्राचं पाणी खारट. मग बोअर मारा, एक आटली की दुसरी. किनाऱ्यालगत जमिनीतलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं आणि शेजारच्या विहिरी मचूळ होतात. मग गावकरी तक्रार घेऊन येतील. अशा वेळी वाद घालू नका, सगळ्यांना बसवा, शहाळं पाजा आणि गावाला टँकर जाहीर करा. टँकरचा धंदा सोलापूरकराला काय सांगायचा! पाणी कुठून भरायचं ते नंतर बघू. आधी टँकरला हिरवा रंग द्या आणि दोन्ही बाजूंनी कासव काढून घ्या.