मार्केट वाढतंय म्हणजे इंडस्ट्री चांगली? हे पोर्टरचं म्हणणं नाही

सध्या एक पोस्ट फिरतेय की मॅनेजमेंटचा अभ्यासक मायकल पोर्टरच्या फाइव्ह फोर्सेसनुसार (इंडस्ट्रीत नफा किती मिळेल हे ठरवणाऱ्या पाच ताकदी) ज्या इंडस्ट्रीची ग्रोथ जास्त ती आकर्षक, आणि सरकार हा सहावा फोर्स. दोन्ही चूक आहे, आणि विद्यार्थी हे तसंच्या तसं प्रोजेक्टमध्ये टाकतात म्हणून लिहावंसं वाटलं.

पोर्टरने 1979 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये हे मांडलं. पाच फोर्सेस म्हणजे आधीपासूनचे स्पर्धक, नवे येऊ शकणारे, पर्यायी वस्तू, ग्राहकांची ताकद आणि सप्लायरची ताकद. 2008 मध्ये त्यानेच परत लिहून स्पष्ट केलं की ग्रोथ, टेक्नॉलॉजी, सरकार हे फोर्सेस नाहीत, ते या पाचांवर परिणाम करणारे घटक आहेत.

एअरलाइन्सच बघा ना, प्रवासी दशकानुदशकं वाढत गेले, पण विमान बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्याच त्यामुळे सप्लायर भारी, ग्राहक स्वस्त तिकीट दिसलं की लगेच कंपनी बदलतो, आणि सीट रिकामी गेली तर पैसे बुडाले म्हणून सगळे दर पाडत बसतात. अमेरिकेत 1992 ते 2006 या काळात गुंतवलेल्या भांडवलावर सगळ्या इंडस्ट्रींचा सरासरी परतावा 14.9 टक्के होता, एअरलाइन्सचा 5.9 (पोर्टरच्याच लेखातले आकडे).

सरकारचं म्हणाल तर नियम बदलला की आधी विचारा, यामुळे नव्यांना येणं सोपं झालं की अवघड? सप्लायरचा जोर वाढला का? पेटंट कायदा घ्या, तो नव्यांना अडवतो. आणि सरकार स्वतःच मोठं गिऱ्हाईक असेल तर ते सरळ ग्राहकांच्या ताकदीतच मोजायचं, वेगळा रकाना करायची गरजच नाही.