हतनूरचा काठ नेमका कोणाच्या हद्दीत येतो भो?

उन्हाळ्यात बॅकवॉटरचं पाणी मागे सरकलं की काठावर काय काय वर येतं ते बघायचं असेल तर एकदा मे महिन्यात आमच्याकडे या. भादव्यात बुडवलेले गणपती, सोंड गेलेले, रंग तसाच, थर्माकोलचं मखर, निर्माल्याच्या पिशव्या गाठीसकट. आणि यंदा भर म्हणून एक मेलेलं वासरू.

आमचं गाव हतनूरच्या फुगवट्यावर. बाहेरच्यांसाठी सांगतो, चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम होतो आणि तिथून खाली भुसावळ तालुक्यात हे ४१ दरवाजांचं धरण आहे. पाणी एकच पण त्याचा काठ भुसावळ, मुक्ताईनगर आणि रावेर अशा तीन तालुक्यांत, आणि मधे किती ग्रामपंचायती ते मोजत बसलो तर पोस्ट इथंच संपेल.

तर वासरू. ग्रामपंचायतीत सांगितलं, उत्तर आलं की ती जागा बुडीत क्षेत्रात येते, आपल्या हद्दीत नाही. मग एका ऑफिसात फोन केला तर साहेब म्हणे पाणी आमच्याकडे, मेलेलं जनावर उचलणं पंचायतीचं काम. शेजारच्या गावातला मित्र म्हणाला वारं तुमच्याकडून येतं त्यामुळे वासरू पण तुमचंच 😀 शेवटी चौथ्या दिवशी मासेमारी करणाऱ्या दोन पोरांनी बांबूने ओढून खड्डा केला, मीठ टाकलं आणि पुरलं. कोणाच्या हद्दीत पुरलं ते त्यांना कोणी विचारलं नाही.

आता याच पाण्यातून कोण काय घेतं बघा. भुसावळ शहर पितं, रेल्वे घेते, दीपनगरचं वीज केंद्र घेतं, ऑर्डनन्स फॅक्टरी घेते, केळीवाल्यांच्या मोटारी आहेत (माझी पण आहे, लपवत नाही). मासेमारीचा ठेका वेगळा. पाणी उतरलं की गाळपेर जमीन कसायला मिळते, तिच्यात टाकलेलं खत-औषध पहिल्या पावसात परत त्याच पाण्यात. महाशिवरात्रीला चांगदेवची यात्रा, तिच्या पत्रावळी पण नदीकाठीच. घेणारे डझनभर आणि काठाला वाली एक पण नाही. बारभाईची खेती, काय लागेल हाती, ती हीच.

जळगावला मेहरूण तलाव पण काही फार लाडात वाढलेला नाही, पण तिथं निदान भांडायला एक महानगरपालिका तरी आहे. आमचं भांडण कुठल्या दारात न्यायचं तेच कळत नाही.

माझ्या मामांचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. तिकडची फड बागायत ऐकली असेल, काही शतकं जुनी आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखाली सगळ्या गावाच्या शेताचे फड, एका फडात सगळ्यांचं पीक एकच. पाणी द्यायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, वर लक्ष ठेवायला हवालदार आणि त्यांचा मोबदला पूर्वी धान्यात, ज्यांना पाणी मिळतं त्यांनीच द्यायचा. पाटातला गाळ पण त्यांनीच मिळून काढायचा. मामांना विचारलं हद्दीवरून वाद व्हायचे का, तर म्हणे "पानी सगळास्नं शे, मंग गाळ बी सगळास्नाच." विषय संपला. आपण एवढी ऑफिसं काढली आणि हे एक वाक्य त्यात कुठं बसवता आलं नाही.

आणि कायद्यात सोय नाही असं पण नाही हो. ७४ व्या घटनादुरुस्तीने कलम २४३ झेडडी आणलं, जिल्हा नियोजन समितीचं. त्यात सरळ लिहिलंय की आराखडा करताना पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक गोष्टी बघायच्या, त्यात पाण्याची वाटणी आणि पर्यावरणाचं जतन दोन्ही येतं. म्हणजे सगळ्यांना एका टेबलावर बसवायची जागा १९९२ पासून कागदावर आहे. पण या समितीच्या मीटिंगची बातमी वाचा, निधी किती आला, किती खर्च झाला, कोणाच्या रस्त्याला किती. काठ हा शब्द मी तरी कधी वाचला नाही.

माझं म्हणणं एवढंच की हतनूरच्या काठाची एक पोटसमिती करा, काठावरची प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, जलसंपदा, मत्स्यव्यवसाय सगळे त्यात घ्या, आणि जो जेवढं पाणी उचलतो त्याने त्या हिशोबात काठाच्या सफाईला पैसे टाकायचे. शेतकऱ्याने पण, माझ्यापासून सुरुवात करा. ग्रामपंचायतीला नुसती जबाबदारी देऊन उपयोग नाही, तिच्याकडे एक ट्रॅक्टर भाड्याने घ्यायला पैसे नसतात, ग्रामसेवकाला शिव्या देणं सोपं आहे. कोणी म्हणेल आणखी एक समिती, आणखी चहा-बिस्कीट. असेल. पण चहा प्यायला का होईना समोरासमोर बसले तर वासरू कोणाचं हे तरी ठरेल.

वर बुऱ्हाणपूरहून तापीत जे येतं त्याचं काय, हा प्रश्न खरा आहे. ते दुसरं राज्य, तिथं आपली जिल्हा समिती पोचत नाही, ते भोपाळ-मुंबईच्या लेव्हलचं काम. पण गणपती काही बुऱ्हाणपूरहून वाहत आलेले नाहीत, त्यातला एक आमच्याच गल्लीचा आहे, मखर मी ओळखलं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडतोय. ऐनपूर, चांगदेव आणि तिकडची मंडळी, तुमच्या गावात पण हाच मांडणार असाल तर मसुदा तयार आहे, इनबॉक्सला या.