‘खाण्याचा आजार वजनावरून ओळखा’ : फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

नाशिकमधल्या पालकांच्या, सोसायट्यांच्या आणि जिमच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: खाण्याचे आजार दोनच, उपाशी राहणाऱ्यांचा ॲनोरेक्सिया आणि खाऊन ओकणाऱ्यांचा बुलिमिया. कोणता, ते वजनावरून कळतं. जाड होण्याची भीती नसेल तर आजारच नाही. प्रकार एकदा ठरला की कायमचा. मजकुराच्या शेवटी दिलेल्या पाच प्रश्नांतून निदान होतं आणि उपाय सगळ्यांना एकच, पोटभर खाऊ घाला. यातल्या प्रत्येक वाक्यामुळे कुणाच्या तरी घरी उपचाराला उशीर होतो, म्हणून हे उत्तर.

‘वजनावरून कळतं.’ 160 सेंटिमीटर उंचीच्या दोन मुली घ्या. एकीचं वजन 45 किलो. लहानपणापासून चणीने बारीक, पाळी नियमित, रविवारी मिसळीसोबत जास्तीचा पाव मागून घेणारी. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) 17.6, म्हणजे कमी, पण खाण्याचा आजार नाही. दुसरी आठ महिन्यांत 85 वरून 62 किलोवर आली. बीएमआय 24.2, कागदावर ठीक, आणि नातेवाईक कौतुक करून थकत नाहीत. पण तिचं 27 टक्के वजन गेलंय, पाळी थांबलीय, उभं राहिलं की अंधारी येते, पोळीला तूप लागलेलं दिसलं की ताट सरकवते. याला ॲटिपिकल ॲनोरेक्सिया म्हणतात. नाडी मंदावणं, रक्तातले क्षार बिघडणं हे तिलाही होऊ शकतं. किती वजन उतरलं आणि किती झपाट्याने, हे आजच्या आकड्याइतकंच बघावं लागतं.

वजन लागतंच, पण ते एक पायरी म्हणून. ते वय-उंचीच्या मानाने फार कमी असेल आणि वाढू न देण्याची धडपड चालू असेल, तर निदान ॲनोरेक्सियाचं, मग ती व्यक्ती ओकत असली तरी. ‘ओकते म्हणजे बुलिमिया’ हे समीकरण इथेच मोडतं. पुढे मागचे 3 महिने तपासायचे: फक्त खाणं तोडलं आणि व्यायाम केला, की ताबा सुटून खाणं, ओकणं, जुलाबाच्या गोळ्या घेणंही होतं? ॲनोरेक्सियाचे दोन उपप्रकार यावर ठरतात. वजन कमी नसेल आणि आठवड्यातून सरासरी एकदा तरी, 3 महिने, ताबा सुटून खाणं व त्याची भरपाई चालू असेल, आणि स्वतःची किंमत शरीरावरूनच ठरत असेल, तर बुलिमिया. भरपाई नसेल, पण त्या खाण्याचा मनस्ताप असेल, तर बिंज ईटिंग डिसऑर्डर.

भरपाई म्हणजे नुसती ओकारी नव्हे. दुसऱ्या दिवशीचा कडकडीत उपास, पाय दुखत असताना पहाटे गंगापूर रोडवर रेटलेले 12 किलोमीटर, टाइप 1 मधुमेहात मुद्दाम चुकवलेलं इन्सुलिन, हीसुद्धा भरपाईच. इन्सुलिन चुकवणं काही दिवसांत जिवावर बेतू शकतं, आणि नेमकं तेच विचारायचं राहून जातं.

‘प्रकार दोनच.’ बिंज ईटिंग डिसऑर्डरला 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, स्वतंत्र निदानाचं स्थान मिळालं. त्याच यादीत अरफिड (वजनाच्या चिंतेशिवाय, भीतीने किंवा नावडीने खाणं टाळण्याचा आजार) आहे, माती-खडू खाण्याचा पायका आहे, गिळलेलं पुन्हा तोंडात आणण्याचा आजारही आहे.

‘जाड होण्याची भीती नसेल तर आजार नाही.’ हाँगकाँगमध्ये 70 ॲनोरेक्सिया रुग्णांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या 41 जणांना ही भीती नव्हतीच. पोट फुगतं, भूक लागत नाही, अशी कारणं ते सांगत. आपल्याकडे अशी व्यक्ती आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जाते, नाहीतर उपासाचं कारण पुढे करते. उपास आणि आजार यांत फरक करायला एक साधी खूण आहे: उपासाला पारणं असतं. नऊ दिवस संपले, द्वादशी उजाडली, की माणूस आनंदाने जेवतो. उपास सोडायचा दिवस पुढे ढकलला जाऊ लागला, सोमवारला गुरुवार आणि शनिवार जोडले गेले, साबुदाण्याची खिचडीही नकोशी होऊन नुसतं पाणी उरलं, तर विचारपूस करा. अरफिड याहून वेगळा. घास अडकल्यापासून घन पदार्थच न खाणारा नऊ वर्षांचा मुलगा आरशात बघत नाही, त्याला घशाची भीती असते. त्याच्याशी वजनाबद्दल बोलून काही हाती लागत नाही. पदार्थांची भीती टप्प्याटप्प्याने घालवावी लागते.

‘प्रकार कायमचा.’ अमेरिकेत ॲनोरेक्सिया किंवा बुलिमिया असलेल्या 216 स्त्रियांचा 7 वर्षं पाठपुरावा झाला. 2008 मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत ॲनोरेक्सियाच्या निम्म्याहून जास्त जणी एका उपप्रकारातून दुसऱ्यात गेल्या होत्या, आणि सुमारे एक तृतीयांश बुलिमियात. म्हणून उपप्रकार तारखेसकट लिहायचा आणि दर काही महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे.

पाच प्रश्न म्हणजे 1999 ची स्कॉफ चाचणी. दोन ‘हो’ आले तर तज्ज्ञांकडे जा, एवढंच ती सांगते. ती ॲनोरेक्सिया आणि बुलिमियाची शंका घेण्यासाठी बनवली होती, अरफिडवाला मुलगा तिच्यातून सहज निसटतो.

‘पोटभर खाऊ घाला.’ हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचं. ॲनोरेक्सिया असलेल्या किशोरवयीन मुलांत जेवणाची सूत्रं आईवडिलांनी हातात घेणं हा मान्यताप्राप्त उपचार आहे, पण आधी तपासण्या होऊन. दहा-बारा दिवस जवळपास उपाशी असलेल्या शरीरात एकदम साखर गेली की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. ‘ताकद यावी’ म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात लावलेलं ग्लुकोजचं सलाईन इथे घात करू शकतं. आधी थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) द्यावं लागतं आणि सुरुवातीचे काही दिवस रोज रक्त तपासावं लागतं. फार कमी देत राहिल्यानेही नुकसान होतं, त्यामुळे हे गणित घरी करायचं नाही.

बुलिमियात मुख्य काम वेगळं. तीन जेवणं आणि मधलं खाणं वेळेवर बसवायचं, कारण उपाशी राहिल्यानेच पुढे खाण्यावरचा ताबा सुटतो. औषध दिलंच तर फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचा अभ्यासलेला डोस 60 मिलिग्रॅम, नैराश्यात सहसा 20 पासून सुरू होणारा. बुप्रोपिऑन हे नैराश्यावरचं दुसरं औषध मात्र बुलिमिया आणि ॲनोरेक्सिया दोन्हींत टाळायचं, फिट येण्याचा धोका वाढतो. बिंज ईटिंगवाल्याला कडक डाएटचा कागद देणं म्हणजे आगीत तेल.

डॉक्टरांकडे जाताना वर्षभरातली वजनं, पाळीच्या तारखा आणि मागच्या दोन आठवड्यांत काय, किती वाजता खाल्लं आणि नंतर काय केलं हे लिहून न्या. जुलाबाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं असेल तर तेही. बोटांच्या सांध्यांवर घट्टे, कानाखाली गालाची सूज, पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली दिसली तर आवर्जून सांगा. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, रक्ताची उलटी, यांपैकी काही झालं तर प्रकार ओळखत बसू नका, त्याच दिवशी ईसीजी आणि पोटॅशियम करून घ्या.